निळ्या शर्टाचं तपकिरी बटण

वरच्या गॅलरीतून निळा शर्ट खाली अंगणात पडला, तेव्हा टेलरमामा चहाचा कप हातात घेऊन, आपण यात साखर घातली की नाही, ते आठवत मागच्या दारात उभे होते. मामी बहिणीकडे गेल्या होत्या आणि त्या गेल्यापासून मामांच्या चहाचं हे असंच चाललं होतं. एक तर साखर नाही, नाहीतर दोनदा. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि शर्टाकडे पाहिलं. शर्टाबरोबर पेरूची दोन पानं आणि केरसुणीची एक काडीही खाली आली होती, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. शर्ट ओळखीचा होता. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांचा.

आता शर्ट पडणं ही काही आक्रीत गोष्ट नव्हती. वरच्या दोरीवरचं काही ना काही खाली यायचंच. मोजे येत, टॉवेल येत, एकदा तर अख्खी उशी आली होती. पण त्याची एक ठरलेली रीत होती. पडलेली वस्तू मामी उचलायच्या, झटकायच्या आणि वर काकूंना नेऊन द्यायच्या. मग तासभर खाली यायच्या नाहीत. बायकांचं आपसात छान जमायचं. अबोला होता तो पुरुषांचा, आणि तो दोघांनी इतकी वर्षं अगदी निगुतीनं सांभाळला होता.

अबोल्याचं कारण होतं एक पँट. काका जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या समारंभासाठी त्यांनी मामांकडे पँट शिवायला टाकली. पँट झाली आखूड. काकांचं म्हणणं, या टेलरला माप घेता येत नाही. मामांचं म्हणणं, ज्यानं सगळा जन्म बसून काढला त्याला सरळ उभं कसं राहायचं तेच ठाऊक नाही. माप देताना गुडघे वाकवले, त्याला टेलर काय करणार? ही म्हणणी दोघांनी एकमेकांच्या तोंडावर सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातील अशी मांडली आणि त्यानंतर एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. जिन्यात समोरासमोर आले की काका छताकडे बघत आणि मामा स्वतःच्या चपलांकडे.

तर शर्ट. उचलायचा आणि मामी येईपर्यंत खुर्चीवर टाकून द्यायचा, असा मामांचा साधा बेत होता. त्यांनी तो उचलला, झटकला आणि त्यांना धक्काच बसला. निळ्या शर्टाला, वरून तिसऱ्या जागी, एक तपकिरी बटण होतं. शर्टाचंसुद्धा नव्हे, कोटाच्या बाहीचं! तेही काळ्या दोऱ्यानं लावलेलं, तिरकं, आणि मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठींचा नुसता गोळा. एवढं धटिंगण बटण रोज कोंबून कोंबून बिचारं काज फाकून गेलं होतं.

मामांना एक आजार होता. आजारच म्हणायचा. वाईट शिवलेलं त्यांना बघवत नसे. एकदा दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असताना शेजारच्या अनोळखी माणसाच्या बाहीचा लोंबता दोरा त्यांनी वाकून दातानं तोडला होता. तो माणूस किंचाळत उठला, आतून डॉक्टर धावत आले. तेव्हापासून बाहेर कुठं गेलं की मामी मामांचा हात घट्ट धरून बसायच्या. लोकांना वाटायचं, या वयातही केवढं प्रेम!

मामांनी शर्ट खुर्चीवर टाकला आणि पुढच्या खोलीत, म्हणजे आपल्या दुकानात, मशीनवर जाऊन बसले. उठले. शर्टावर वर्तमानपत्र पसरून आले. बसले. पुन्हा उठले.

"ज्याचा शर्ट तो बघून घेईल," त्यांनी स्वतःला बजावलं. "आपल्या बापाचं काय जातंय?"

बापाचं काही जात नव्हतं, पण वर्तमानपत्राखालचं ते बटण त्यांना दिसत होतं. न दिसता दिसत होतं. शेवटी हात गेलाच. कात्रीच्या टोकानं गाठींचा गोळा कापला, बटण काढलं, बिस्किटांच्या जुन्या डब्यातून रंगाशी रंग जुळणारं निळं बटण शोधलं आणि पाचव्या मिनिटाला ते असं बसवलं की मूळ बटणांनी त्याच्याकडून शिकावं. मग फाकलेलं काज डोळ्यांत खुपायला लागलं. तेही नव्यानं भरलं. मग एवढं केल्यावर इस्त्री न करणं बरं दिसेना. तीही केली.

तयार शर्ट हातभर लांब धरून पाहिला आणि मामांना एकदम घाम फुटला. आपण हे काय करून बसलो? नेऊन द्यायचा तर बोलावं लागेल. बोलायचं तर आधी कोण बोललं, हा कायमचा इतिहास होईल. मामी यायला अजून अवकाश होता, आणि तोवर शर्ट ठेवून घेतला तर काका म्हणणार, टेलर आता दोरीवरचे कपडेही ढापायला लागला.

मग त्यांनी शर्ट पिशवीत घातला, पाय न वाजवता जिना चढले, पिशवी काकांच्या दाराच्या कडीला अडकवली, घंटी दाबली आणि साठी उलटलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा धूम पळत सुटला. वळणावर एक चप्पल निसटली. परत फिरावं तर वर दार उघडल्याचा आवाज आला. मामा एका चपलेनिशी दुकानात शिरले, मशीनवर बसले आणि कापड न घालताच मशीन चालवायला लागले.

पाचच मिनिटांत ड्रायव्हरकाका दारात उभे. एका हातात शर्ट, दुसऱ्या हातात चप्पल.

"चप्पल तुमची," काका म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचे हे त्यांचे पहिले शब्द.

"असेल," मामा मशीनकडे बघत म्हणाले. "आभार मानायची काही गरज नाही."

"आभार? अहो टेलर, बटण कुठंय?"

"लावलंय की. दिसत नाही? दिसणारच नाही. ते लावण्याची तीच तर खुबी आहे."

"हे नाही हो! ते. तपकिरी."

"ते होय?" मामा खूश होऊन वळले. "ते काढून टाकलं. कुणी लावलं होतं हो? हात तोडायला पाहिजेत त्याचे."

काका आत आले आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले. एवढा थोरला, दांडगा माणूस, पण बसला तेव्हा अगदी लहान वाटला.

"हिनं लावलं होतं," ते म्हणाले.

मामांचा मशीनवरचा पाय थांबला.

"तुम्हाला ठाऊक असेल, तिच्या डोळ्यांचं," काका हळू आवाजात सांगू लागले. "समोर बघितलं की मधोमध सगळं धुरकट. कडेचं काय ते दिसतं. आधी तिनं सुई सोडली. मग विळी सोडली. मग म्हणायला लागली, मी आता कशाच्याच उपयोगाची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची हो दिवसभर. जी बाई सगळ्या बिल्डिंगला बोलून दमवायची, ती! आणि मग एक दिवस माझं बटण तुटलं, तर म्हणाली, आणा इकडे, लावते. अर्धा दिवस बसली. बोटांनी चाचपत लावलं. आणि लावल्यावर अशी हसली... मी काय सांगणार होतो तिला, की बटण तपकिरी आहे? म्हटलं, वा, अगदी मॅचिंग! कुणाला ओळखूही येणार नाही!"

"आणि तुम्ही ते घालून हिंडता?"

"मिरवतो! त्या दिवसापासून ती पुन्हा भाजी चिरायला लागलीय. मला पुन्हा बोलणी बसायला लागलीत. रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं ती स्वतः लावते. तिसऱ्यावर आली की बोट फिरवून बघते, नीट आहे ना. आणि उद्या हाच शर्ट घाला म्हणालीय. तिचं बोट या तुमच्या गुळगुळीत बटणावर फिरलं, की संपलं. तिला कळणार, आपलं लावलेलं कुणीतरी काढून टाकलं. पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल ती."

हात तोडायला पाहिजेत म्हणालो आपण! मामांनी स्वतःचेच हात मांडीखाली दडवले.

"वहिनी आत्ता काय करताहेत?" त्यांनी विचारलं.

"निजलीय दुपारची. चहाच्या वेळेला उठेल."

"मग उठा! बटण या डब्यात आहे. चहापर्यंत शर्ट होता तसा करून देतो."

डबा जमिनीवर उपडा केला. मामांच्या सगळ्या कारकिर्दीची बटणं खळाळत खोलीभर पसरली. काही मशीनखाली गेली, काही कपाटामागे, आणि एक थेट दाराबाहेर रस्त्यावर. दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून वेचायला लागले.

"हे?"

"हे काळं आहे. तुम्हाला सिग्नल तरी दिसायचे का हो?"

"एकही अपघात नाही माझ्या नावावर! एवढ्या तेवढ्या पँटीचा ज्याला अंदाज येत नाही, त्यानं मला सांगू नये."

"गुडघे वाकवले होते तुम्ही!"

"हळू बोला, ती उठेल!"

मग भांडण कुजबुजत्या आवाजात पुढे चालू राहिलं. कुजबुजत भांडणं अवघड असतं. राग नीट पोचत नाही. पँटीवरून सुरू झालेलं भांडण थोड्या वेळात विझून गेलं आणि काका नुसतेच म्हणाले, "समारंभात मी टेबलामागून उठलोच नाही हो. सत्काराला बोलावलं, तर बसल्या जागीच हार घेतला. घोटे दिसत होते."

मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कपाटाखालून हात काढला, काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, काही सुचेना म्हणून खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर तपकिरी बटण टपकन खाली पडलं. काढल्या काढल्या ते त्यांनी खिशातच टाकलं होतं. काकांनी एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा खोलीभर पसरलेल्या त्या पसाऱ्याकडे, आणि मोठ्या मनानं काहीही बोलले नाहीत.

खरी पंचाईत पुढे होती. मामांनी निळं बटण काढलं, सुईत काळा दोरा ओवला आणि तपकिरी बटण लावून शर्ट पुढे केला. काकांनी डोळे मिटून बोट फिरवलं.

"छे. हे फार चांगलं झालं."

"म्हणजे?"

"हिचं तिरकं होतं. हलायचं. आणि मागे गाठी टोचायच्या."

मामांनी उसवून पुन्हा लावलं. तरीही चांगलंच झालं. डाव्या हातानं लावलं. चांगलं. डोळे मिटून लावलं. ते तर आणखीच चांगलं! चाळीस वर्षं ज्या बोटांना एकच गोष्ट शिकवली, ती बोटं एका दुपारी ऐकेनात. मामांच्या कपाळावर घाम आला.

"मला जमत नाही," ते हताश होऊन म्हणाले. एखाद्या गिऱ्हाइकासमोर हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही लावा."

"मी? मी आयुष्यात सुई धरलेली नाही."

"म्हणूनच."

काकांनी ती सुई गिअरच्या दांड्यासारखी मुठीत धरली. पहिला टाका शर्टात गेला, दुसरा अंगठ्यात. मामा शेजारी बसून आयुष्यातलं सर्वांत विचित्र शिक्षण देऊ लागले.

"खालून घ्या, खालून. हां... नाही, नाही, हे बरोबर येतंय! चूक करा! ओढा, अजून ओढा, कापड गोळा होऊ दे. गाठ मारा. एक नाही हो, दहा मारा! चूक करा, चूक करा!"

प्रत्येक टाक्याला मामांचा जीव कासावीस होत होता. एकदा तर हात आपोआप पुढे गेला, तेव्हा काकांनी त्यावर चापट मारली. पण शेवटी बटण लागलं. तिरकं, हलणारं, मागे गाठींचा गोळा. काकांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हेच! अगदी हिचंच!"

आणि मग बटण काजात जाईना. मामांनी काज नव्यानं भरलं होतं ना! घट्ट, देखणं, गच्च. तपकिरी बटण त्याच्या तोंडाशी जाऊन अडून बसलं. काकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी ब्लेड उचललं, स्वतःच्या हातानं शिवलेल्या काजावर टेकवलं आणि मान फिरवून म्हणाले, "तुम्हीच करा. मला बघवणार नाही."

"खुर्चीत बसा तुम्ही, पाणी प्या," काका म्हणाले आणि त्यांनी ते काम उरकलं.

राहिली इस्त्री. दोरीवरून काढलेल्या शर्टाला एवढी कडक घडी कुठून येणार? यावर मामांनी स्वतःच उपाय काढला. शर्ट खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. तेवढ्या वेळात काकांनी आत जाऊन चहा केला, कारण मामांच्या चहाचा वास त्यांना मघाशीच आला होता. दोघांनी तो प्यायला. साखर अगदी बेताची होती. कितीतरी दिवसांत मामांना असा चहा मिळाला नव्हता.

"उद्या कसं कळेल?" काका निघताना मामांनी विचारलं.

"खालून जाताना मी हात वर करीन."

संध्याकाळी मामींचा फोन आला. "काय विशेष?"

"विशेष कुठलं? काही नाही."

"वरून काही पडलंबिडलं नाही ना?"

"काय पडायचंय?" मामा म्हणाले आणि पायाला टोचलेलं एक बटण त्यांनी हळूच बाजूला सरकवलं.

त्या रात्री मामांना धड झोप लागली नाही. इतक्या नवरदेवांचे सूट शिवले, कधी असं झालं नव्हतं. सकाळी ते दुकानाच्या दारातच उभे राहिले. थोड्या वेळानं काका जिना उतरून आले. निळा शर्ट, मधोमध ते तपकिरी बटण, छाती पुढे. दुकानासमोरून जाताना छताकडे न बघता, सरळ मामांकडे बघत त्यांनी हात वर केला. मामांनीही केला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिकाम्या टॅक्सीला वाटलं, आपल्यालाच बोलावताहेत, ती थांबली. दोघं तिच्याकडे बघून हसले.

काका दिसेनासे झाले आणि जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. सावकाश, कठडा धरून. काकू होत्या. त्या खाली उतरल्या, दाराची चौकट चाचपली, आत आल्या आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"टेलरभाऊ, एक विचारू?"

"विचारा की, वहिनी."

"तुम्हाला इतकं सुरेख बटण लावता येतं, मग लावलेलं काढलंत कशाला?"

मामांच्या तोंडात टाचण्या होत्या. एकही गिळली गेली नाही, ही देवाची कृपा.

"मला कडेचं दिसतं हो," काकू म्हणाल्या. "मान तिरकी केली की बरंच दिसतं. लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं मला, की मी तपकिरी बटण लावून ठेवलंय. जीव चुटपुटला अगदी. पण तोवर हे शर्ट घालून सगळीकडे हिंडून आले होते! वर मला सांगताहेत, अगदी मॅचिंग, कुणाला ओळखू येत नाही. छाती अशी फुगलेली! आता यांना कसं सांगू, की लोक तुम्हाला हसताहेत? सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मला वाईट वाटलं. आणि त्यांना वाईट वाटलं असतं."

"मग?" मामांनी टाचण्या तळहातावर काढून घेतल्या.

"मग काय, तुमच्या मंडळींना म्हटलं, तू चार दिवस बहिणीकडे जा. घरात बाई असली की पडलेला शर्ट तीच उचलणार. आणि तुम्हाला तर वाईट शिवलेलं दिसलं की राहवत नाही, हे दवाखान्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. काढले चिमटे, टाकला शर्ट. तर मेला पेरूच्या झाडावर अडकला! केरसुणीनं ढकलला तेव्हा पडला. म्हटलं, टेलरभाऊ गुपचूप बटण बदलून देतील, मी यांना सांगेन, मीच बदललं. सगळं कसं सोपं होतं. आणि तुम्ही दोघांनी मिळून, एवढा नीट झालेला शर्ट पुन्हा बिघडवून ठेवलात!"

"म्हणजे तुम्ही काल झोपला नव्हता?"

"तो डबा उपडा केलात त्यानंतर कोण झोपेल? गॅलरीत बसले होते. सगळं ऐकलं. चूक करा, चूक करा!" काकूंनी मामांचा आवाज काढला आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोंडात पदर कोंबून हसत होते हो मी. कधीपासून अशी हसले नव्हते."

मामांना हसावं की रडावं कळेना. त्यांना ते कापलेलं काज आठवलं.

"वहिनी, मग एक हाक मारायची ना वरून! थांबलो असतो आम्ही."

काकूंनी मान तिरकी केली आणि कडेनं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"मारणारच होते," त्या म्हणाल्या. "पण यांचा आवाज तुमच्या घरातून येत होता, टेलरभाऊ. आणि भांडणाचा नव्हता. असं किती वर्षांत झालं नव्हतं. मग कशाला थांबवू?"

मामांनी उगाच टेप उचलला, गुंडाळला, पुन्हा सोडला.

"शर्ट द्या पाठवून," जरा वेळानं ते म्हणाले. "पुन्हा निळं लावून देतो. या खेपेला कुणाला कळणार नाही."

"आता नको. सकाळी त्यावर बोट फिरवलं, तर अंगठ्याला पट्टी बांधलेला हा माणूस श्वास रोखून उभा! म्हटलं, छान बसलंय हो अजून. तर असे खूश झाले की विचारू नका. राहू दे ते तपकिरीच. आणि त्यांना यातलं काही सांगू नका."

"नाही सांगणार."

"ते बटण काही फार दिवस टिकायचं नाही म्हणा," काकू उठत म्हणाल्या. "लावलंय किती वाईट! माझं त्यापेक्षा बरं होतं."

दोन दिवसांनी मामी परत आल्या. आल्या आल्या त्यांनी कपाटाखालून सात बटणं काढली आणि एक शब्दही विचारला नाही, यावरून मामांनी काय ते ओळखलं.

त्याच आठवड्यात एक बडं गिऱ्हाईक सुटाचं कापड घेऊन दुकानात आलं होतं. मामा त्याच्या खांद्याचं माप घेत होते आणि समोरून ड्रायव्हरकाका चालले होते. निळा शर्ट, छाती पुढे. गिऱ्हाइकानं बाहेर बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"अहो, ते बघा, ते बघा! ते बटण! तुमच्याच बिल्डिंगमधले ना हे? कुणी लावून दिलं असेल हो यांना?"

मामांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीला टोचल्या. गिऱ्हाइकाकडे बघितलं. सुटाच्या कापडाकडे बघितलं. चांगलं कापड होतं.

"मी," मामा म्हणाले.

"तुम्ही?"

"मीच. अख्खी दुपार लागली मला."

गिऱ्हाइकाचं हसू मावळलं. त्यानं काहीतरी आठवल्यासारखं केलं, घड्याळ बघितलं, टेबलावरचं कापड हळूच काखेत मारलं आणि मापं अर्धवट टाकून ते निघून गेलं. दारात त्याला वाट द्यायला काका बाजूला झाले. ते केव्हा परत फिरून दाराशी आले होते, कोण जाणे. त्यांनी जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, मग मामांकडे.

"गेलं?"

"गेलं."

काका वळले आणि जिना चढून वर गेले. थोड्या वेळानं परत आले, तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेली एक पँट होती. एकदाच घातलेली, घडीवर पिवळी पडलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"खाली दुमडलेलं कापड आहे थोडं," ते म्हणाले. "सोडून लांब करता येईल का बघा. कुठं घालायची नाहीये म्हणा आता."

"करता येईल," मामा म्हणाले. त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि गुडघ्यांवर बसले. "सरळ उभे राहा."

"सरळच उभा आहे."

मामांनी वर बघितलं. काकांचे गुडघे वाकलेले होते. चांगले वाकलेले होते. मामांनी काहीही न बोलता माप घेतलं आणि त्यात तीन बोटं वाढवून धरली.

तेवढ्यात मागच्या अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मामी स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत. मामा उठून मागच्या दारात गेले. वरच्या घरातलं, टेबलावर अंथरायचं एक कापड पडलं होतं, एका कडेला चांगलं वीतभर उसवलेलं, आणि शेजारी केरसुणीच्या दोन काड्या.

"हिची झोपायची वेळ आहे," काका त्यांच्या मागे येऊन म्हणाले. "वाऱ्यानं पडलं असेल."

पेरूचं एक पानही हलत नव्हतं.

"वाराच तो," मामा म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला आत वळले.